“अटक थोडीच केलीय, नुसतं बसवलंय”



तंजावर बघून कुंभकोणमकडे निघालेली आपली माणसं वाटेत पापनाशमला उतरतात. तिथे एकशे आठ शिवलिंगांचं देऊळ आहे. समजा, तिथून गाडी काढताना एका दुचाकीला धक्का लागला, स्वाराला खरचटलं आणि पोलिसांनी चालकासोबत तुमच्या काकांनाही ठाण्यात नेलं. बेड्या नाहीत, कोठडी नाही. बाकावर बसवलं, चहासुद्धा पाजला. मोबाईल मात्र टेबलाच्या खणात गेला. दुपारची संध्याकाळ झाली. विचारलं, तर मोडक्या हिंदीत उत्तर आलं, “अटक थोडीच केलीय, नुसतं बसवलंय.”

हे ‘नुसतं बसवणं’ कायद्याच्या पुस्तकात कुठेही नाही. काकांना वाटलं तर उठून जाता येतं का, एवढंच बघायचं. येत नसेल, तर त्यांचं स्वातंत्र्य हिरावलं गेलंय, मग समोर चहाचा कप असो की गज. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 साली अशाक हुसेन प्रकरणात हेच सांगितलं: डांबून ठेवल्या क्षणापासून अटक धरायची, अधिकाऱ्याने कागदावर टाकलेली वेळ त्यासाठी प्रमाण नाही. घटनेच्या कलम 22 प्रमाणे चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. ते तास कधीपासून मोजायचे, यावरच सगळं अवलंबून असतं.

अर्थात नाक्यावर गाडी थांबवून लायसन्स बघितलं, म्हणून कुणी कोर्टात धावू नये.

आणि हा नियम फक्त पोलिसांपुरता नाही. बिलाच्या भांडणात लॉजवाल्याने तुम्हाला खोलीत कोंडलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दार उघडं, पण उंबऱ्याशी दोन दांडगे उभे, हेही कोंडणंच.

पुन्हा काकांकडे येऊ. त्यांनी शांतपणे विचारावं, “मी जाऊ का?” ‘नाही’ म्हटलं, तर कोणत्या गुन्ह्यात, हे विचारावं आणि घरी कळवायला सांगावं, तो त्यांचा हक्क आहे. नुसते साक्षीदार असतील आणि वय साठच्या पुढे असेल, तर जबाबासाठी त्यांना ठाण्यात यायची सक्तीच करता येत नाही. चालकाचा गुन्हा, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवून किरकोळ दुखापत, जामीनपात्र आहे. जामीन ठाण्यातच मिळायला हवा.

राहिला भाषेचा प्रश्न. परमुलखात माणूस अडतो तो इथेच. नागपूरच्या हरिकिसन यांना 1961 साली स्थानबद्ध केलं, कारणांचा कागद दिला इंग्रजीत. त्यांनी हिंदीत मागितला. सरकारचं म्हणणं, राजभाषा इंग्रजी आहे आणि अधिकाऱ्याने तोंडी समजावलंय. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये त्यांची सुटका केली. नोव्हेंबर 2025 मध्ये, वरळीच्या अपघाताच्या खटल्यातून गेलेल्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने आणखी पक्कं केलं: गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायची, तातडीत जमलं नाही, तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी.

तेव्हा तमिळ कागदावर सही मागितली, तर मराठीत किंवा हिंदीत मागा. तरीही सही करावीच लागली, तर तिच्याखाली आपल्या हाताने लिहा: “मजकूर वाचता आला नाही,” आणि पुढे तारीख, वेळ.