'सर्टिफाइड' जुनी गाडी घेताना

दिल्लीत जुनी गाडी घ्यायची म्हटले की पूर्वी करोल बागेतल्या दलालांकडे चक्कर व्हायची. आता मारुतीची 'ट्रू व्हॅल्यू', टोयोटाची 'यू ट्रस्ट' अशा कंपन्यांच्याच योजना आहेत. डीलर गाडी तपासतो, प्रमाणपत्र देतो, ठरावीक काळाची वॉरंटी देतो. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी माझी हरकत नाही. पण तो शिक्का इंजिन-गिअरची हमी देतो. गाडी इथे आणखी किती वर्षे चालवता येईल, यावर तो गप्प असतो.

दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली. ऑगस्ट 2025 मध्ये केवळ वयावरून कारवाई नको, असा अंतरिम आदेश आला. डिसेंबरमध्ये ती सवलत बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती राहिली. अंतरिम आदेशाच्या भरवशावर पाच वर्षांचे कर्ज काढू नका. शिवाय हिवाळ्यात प्रदूषण वाढून 'ग्रॅप'चा तिसरा टप्पा लागला, की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि नोएडात बीएस-4 डिझेल गाडी दारातच उभी राहते. हप्ता मात्र थांबत नाही.

हिशेब करून पाहा. समजा, आठ वर्षांची डिझेल गाडी चार लाखांना मिळतेय. बंदी पुन्हा कडक झाली, तर हाती दोनच वर्षे, म्हणजे वर्षाला दोन लाख. तेवढ्याच वयाची पेट्रोल गाडी साडेचार लाखांना घेतली, तर सात वर्षे. वर्षाला सुमारे 64 हजार. डिझेल गाडी एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात विकता येईल, पण सगळेच विकायला निघाले की भाव काय येणार? वय पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा आरसीवर ती तारीख आणि बीएस श्रेणी आधी वाचा. रंग, सीटकव्हर नंतर.

आरसीवर बँकेचा बोजा दिसला, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 मागा. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. एचआर किंवा यूपी क्रमांकाची गाडी दिल्लीत नोंदवायची, तर तिथल्या आरटीओची एनओसीही हवी. "आरसी होऊन जाईल, साहेब," यावर थांबू नका. किती दिवसांत, ते पावतीवर लिहून घ्या.

आणि विमा? तो 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून डीलरने दाखवलेल्या जुन्या हप्त्यापेक्षा तुमचा हप्ता जास्त येऊ शकतो.