ससून घराणें आणि आपले शनवार तेली
(करंजाडे येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें व्याख्यान)



कुलाब्याचा ससून डॉक आपल्या कोळी बायांना ठाऊक आहे. पुण्याच्या ससून इस्पितळांत गरिबांचीं दुखणीं बरीं होतात, हेंही आपण जाणतां. पण हा ससून कोण, असें विचारलें तर 'असेल कोणी गोरा साहेब,' एवढेंच उत्तर आम्हां शिक्षकांस मिळतें.

डेव्हिड ससून हा बगदादचा यहुदी व्यापारी. तेथील पाशाच्या जुलमामुळें तो घरदार सोडून इराणच्या बुशहर बंदरांत गेला व १८३२ च्या सुमारास मुलांबाळांसह मुंबईस आला. ज्या शहरानें थारा दिला, त्याचें ऋण या घराण्यानें मानलें. पुण्याचें इस्पितळ त्याच्या देणगींतून उभें राहून १८६७ त सुरू झालें. तें पाहण्यास तो उरला नाहीं, १८६४ त पुण्यासच वारला. त्याचा मुलगा अब्दुल्ला उर्फ आल्बर्ट यानें १८७५ त डॉक बांधला.

आतां दुसरी बाजू. हा पैसा आला कोठून? कापूस, सूत आणि अफू यांच्या व्यापारांतून. माळव्याच्या शेतकऱ्यानें पिकविलेली अफू मुंबईहून चीनला जाई आणि तेथें संसारच्या संसार धुळीस मिळत. दान खरें, पण दानानें अफू गोड होत नाहीं.

काळ्या घोड्याजवळचें ससून वाचनालय पाहा. १८४७ त सरकारी टांकसाळींतल्या व गोदींतल्या तरुण कारागिरांनीं यंत्रांचे नमुने व पुस्तकें जमविण्यासाठीं संस्था काढली. मागाहून ससूननें साठ हजार रुपये दिले व १८७० त इमारत पुरी झाली. नांव ससूनचें राहिलें. त्या कारागिरांचें नांव आज कोण घेतो?

तीच गोष्ट आपल्या बेने इस्रायलांची. ससूनच्या कित्येक पिढ्या आधीं ते कोंकणांत आले. घाणा चालवीत व शनिवारीं बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. बोलत तें मराठीच. १८४९ त त्यांनीं पनवेलीस आपलें प्रार्थनामंदिर उभारलें. त्यांच्यांतल्याच हाईम सामुएल केहिमकरांनीं १८७५ त मुंबईंत शाळा काढली, आणि १९३७ त डॉ. मोझेस मुंबईचे महापौर झाले. घाण्यापासून महापौराच्या खुर्चीपर्यंतची वाट शाळेंतून गेली, हें ध्यानांत धरा.

आपल्या करंजाड्याच्या शेतांवर आतां इमारती उठल्या आहेत आणि परगांवचीं बिऱ्हाडें येत आहेत. त्यांस उपरे म्हणून हिणवूं नका. आलेला माणूस गांव वाढवितो. आणि कोणी लक्षाधीश येऊन वाचनालय बांधील म्हणून वाटही पाहूं नका. टांकसाळीच्या कारागिरांनीं साठ हजारांची वाट पाहिली नव्हती. एक खोली, एक कपाट व घरटीं एक पुस्तक एवढ्यावर काम सुरू होतें. दार मात्र असें ठेवा कीं, आंत येणाऱ्यास जात किंवा मूळ गांव कोणी विचारूं नये.