आपल्याच रक्तातले औषध
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



माझी सारी नोकरी रक्तपेढीत गेली. ब्लड कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक विचारत, "काका, केमो झाली तरी आजार उलटला. आता मुंबईला नेऊन काही उपयोग?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नसे. आज थोडेफार आहे.

आपल्या प्लांटच्या गेटवर सीआयएसएफचे जवान पास पाहतात. शरीरात ही पहाऱ्याची कामगिरी टी-पेशींची. कॅन्सरची पेशी घरचीच असल्यामुळे त्यांना चकवून निसटते. कार-टी उपचारात पेशंटच्या रक्तातून टी-पेशी काढतात आणि निर्धोक केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवा जनुक घालतात. मग त्यांना बी-पेशीवरची 'सीडी-१९' ही खूण ओळखता येते. प्रयोगशाळेत संख्या वाढवून त्या सलाईनसारख्या परत देतात.

२०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला सहा वर्षांची एक मुलगी या उपचाराने बरी झाली. पण तिकडचा खर्च कोटींत! म्हणून आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी हे तंत्र इथेच उभे केले. जून २०२१ मध्ये टाटाच्या खारघर केंद्रात पहिल्या पेशंटला उपचार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९'ला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश. तरी आपल्यासारख्यांना तो लाखांतच पडतो.

हा चमत्कार नव्हे. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के पेशंटना गुण आला, म्हणजे चौघांत एकाला आला नाही. गुण आलेल्यांतही काहींचा आजार परततो. जोराचा ताप येतो, रक्तदाब घसरतो. निरोगी बी-पेशीही मरत असल्याने पुढे जंतुसंसर्ग जपावा लागतो. शिवाय सगळ्या ब्लड कॅन्सरला हे औषध चालत नाही. उलटलेल्या किंवा केमोला न जुमानणाऱ्या बी-पेशींच्या काही ल्युकेमिया व लिम्फोमांसाठीच ते आहे.

म्हणून घरात असा प्रसंग आलाच, तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : आजार बी-पेशींचा आहे का? कार-टीचा विचार करता येईल का? पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर पेशंटच्या अंगात उरलेला हवा. दुर्गहून मुंबईची गाडी रोज मिळते, गेलेली वेळ मिळत नाही. तेव्हा विचारायला संकोच करू नका.

बाप्पा सर्वांना निरोगी ठेवो.