घाटवाटेवरचा इतिहासपाठ

वाईहून पसरणी घाट चढून, महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरणारी सायकलयात्रा केवळ व्यायाम नव्हे. वाटेत प्रतापगड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध त्याच्याच पायथ्याशी झाला. जावळीचे अरण्य शत्रूला का भोवले, हे मोटारीच्या काचेतून उमगत नाही. दमलेल्या पायांना ते वळणावळणावर कळते. पोलादपूरजवळ तानाजी मालुसऱ्यांचे उमरठे आणि महाडपुढे पाचाड. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, जिजामातांनी तेथे देह ठेवला. समाधीचे छायाचित्र टिपून परतू नये. गावकऱ्यांपाशी बसावे, योग्य मोल देऊन त्यांच्या घरची भाकरी खावी. पोटापाण्यासाठी तरुण मुंबईला गेल्याने ओस पडणारी ही गावे नांदती राहिली, तरच इतिहास जिवंत राहील.