पेशींची पानगळ



आम्ही कलाशाखेचे पदवीधर; हयात सरकारी फायलींत गेली. वैद्यकावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. तरीही उभे राहिलो, त्याला कारण आमच्या गालाच्या आतील बाजूस उठलेला एक पांढरा चट्टा. पंचवीस वर्षे आम्ही तंबाखू-चुना मळीत आलो. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा तपासणीस पाठविला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस झोप नव्हती. त्या दिवसांत जे वाचले, ते आपणांपुढे ठेवतो.

आपल्या देहात रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. १९७२ साली केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी या मरणास 'अ‍ॅपॉप्टोसिस' असे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ पाने गळणे. फाल्गुनात येथील मोहाची पाने गळावीत, तितक्याच निमूटपणे पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि इतर पेशी ते गिळून टाकतात. गर्भातील बोटे सुटी होतात, तीही मधल्या पेशी मरतात म्हणूनच. मेंदूतील ठराविक पेशी अकाली मेल्या तर कंपवात जडतो. उलट, मरावयाची पेशी मेलीच नाही तर कर्करोगाची वाट मोकळी होते.

बिघडलेल्या पेशीस थोपविणारे, प्रसंगी मरावयास लावणारे 'पी ५३' हे प्रथिन १९७९ साली सापडले. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याचा जनुक बिघडलेला आढळतो. तंबाखूतील विषे जनुकांवर घाव घालतात, तेव्हा हा पहारेकरीही जायबंदी होतो.

याबाबतीत आपली माणसे मागे नव्हती. मुंबईस डॉ. वसंत खानोलकरांनी तंबाखू व तोंडाचा कर्करोग यांचा संबंध फार पूर्वीच अभ्यासला होता. पुण्यात जन्मलेल्या त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथेच काचपात्रात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली.

आमच्या अहवालात कर्करोग निघाला नाही. डबी त्याच दिवशी फेकून दिली. परंतु भिलाईत पाळी सुटताना तळहातावर मळली जाणारी तंबाखू, येथील घरोघरचा गुडाखू आणि आपल्या गावाकडची मिश्री, यांची नावे निराळी असली तरी विष एकच आहे. तोंडात चट्टा दिसला, वा पंधरवड्यात न भरणारी जखम आढळली, तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवावी.

आम्ही दैवाने वाचलो. आपण दैवावर विसंबू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.