आजी आल्या, मांजर लपलं



बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये
साताऱ्याहून आजी राहायला येतात.
आणि घरातलं मांजर कपाटामागे जातं.
ते रुसलेलं नसतं. घाबरलेलं असतं.

त्याला ओढून बाहेर काढू नका.
पुढाकार मांजराला घेऊ द्या.

मांजर माणसाला आधी वासाने ओळखतं.
आजींची नेसलेली सुती साडी
त्याच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा.
खाण्याची वाटी, शी-शूच्या मातीचा ट्रे
जुन्याच जागी राहू द्या.

आजींनी खाली बसावं.
टक लावून पाहू नये.
डोळे सावकाश मिटावेत, सावकाश उघडावेत.
उचलून मांडीवर तर मुळीच घेऊ नये.
आज्यांना हे फार जड जातं, पण इलाज नाही!

मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात.
त्याने आजींच्या पायाला गाल घासला,
की स्वीकार सुरू झाला.
कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला महिने.
म्हणून पुन्हा सांगते,
पुढाकार मांजराला घेऊ द्या.

बाल्कनीला जाळी मात्र हवीच.
घाबरलेलं मांजर मजला मोजत नाही.

आणि त्याने दिवसभर काही खाल्लं नाही,
किंवा ते लघवीसाठी कुंथत असेल,
तर थांबू नका.
हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात,
नाहीतर जवळच्या पशुवैद्यांकडे,
त्याच दिवशी न्या.