चोखोबांचा अभंग आणि आपली पंगत



दिंडीच्या शंभरीला चार शब्द बोलायची आज्ञा झाली. आम्ही चौथी शिकलेले, नांगर धरणारे. चुकलं तर पदरात घ्या.

पंढरीला नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला कुसू अंगावर कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापुढं समाधी दिली. दाराच्या बाहेरच. सोयराबाई, निर्मळाबाई, बंका, कर्ममेळा, सगळं घर अभंग करणारं. कर्ममेळ्यानं तर देवालाच जाब विचारला, असल्या जातीत जन्म दिलास कशाला? आमच्या मते बंड म्हणतात ते हेच.

पुढं इंग्रज आला. तुकोबांची गाथा वह्यांत आणि टाळकऱ्यांच्या कंठात होती. तिच्यासाठी सरकारनं २४,००० रुपये दिले आणि १८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात तिचा पहिला भाग निघाला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं. त्यांनी अखंड रचले, तेही अभंगाच्याच वळणाचे. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. छापखाना साहेबाचा असेल, पण बंडाचं बी आपल्याच मातीतलं.

मात्र साहेबानं देवळाचं दार काही उघडलं नाही. रयतेच्या धर्मात हात घालणार नाही, असं राणीनं १८५८ च्या जाहीरनाम्यातच सांगितलं होतं. दार उघडलं ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजी पंढरपुरात उपाशी बसले तेव्हा.

आता घरचं सांगतो. आमच्या लहानपणी ह्याच दिंडीत खालच्या आळीचे एक बाबा चोखोबांचा अभंग म्हणायचे. म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावायच्या. पण पंगत बसली की बाबा पत्रावळ घेऊन लांब लिंबाखाली. त्यांना पाणी वाढायला आम्ही, दहा-बारा वर्षांचे. तांब्या उंच धरून ओंजळीत ओतायचा. हे कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं.

एका वर्षी बाबा वारीला निघालेच नाहीत. वडील बोलवायला गेले, मागं आम्ही. बाबा म्हणाले, "अण्णा, माझा गळा चालतो तुम्हाला, हात चालत नाही."

वडलांना उत्तर सुचलं नाही. पण बाबांना घेऊनच निघाले, आणि पहिल्या मुक्कामाला आपली पत्रावळ उचलून लिंबाखाली बाबांशेजारी जाऊन बसले. चार-पाच जण पंगतीतून उठून गेले. दोन घरांनी दिंडी सोडली. पंगत एक व्हायला तीन वर्षं गेली.

बाबा आता नाहीत. त्या तांब्याची माफी आम्ही त्यांच्या हयातीत मागितली नाही. कीर्तनात जगाला शहाणपण सांगत हिंडलो, पण तेवढं राहिलं. ती माफी आज ह्या सभेत, त्यांच्या लेकरांसमोर, हात जोडून मागतो.

आणखी एक. शंभर वर्षांत आपल्या दिंडीची वीणा खालच्या आळीतल्या कुणाच्या गळ्यात पडलेली नाही. बाबांचा नातू आज टाळकऱ्यांत उभा आहे. आवाज आजोबाचाच. येत्या आषाढीला प्रस्थानाच्या दिवशी वीणा त्याच्या गळ्यात घालावी, एवढं चालकांकडं मागणं आहे. पंगत एक झाली, वीणाही एक होऊ द्या.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!